टिपणीसकाकांची शाल

आधी काकांचं नाव सांगतो, मग काय घडलं ते. भालचंद्र टिपणीस. राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी. मी नववीत शाळा सोडली, कोपरगावात सायकलच्या दुकानात पंक्चरं काढली, आणि ताईच्या मागे लागून अमेरिकेत आलो. आल्यावर सहा महिन्यांत दाजींची बदली टेक्सासला झाली. ताई म्हणाली, तूही चल. पण इथे मला पेट्रोल पंपावर काम मिळालं होतं आणि ते सोडायचा धीर होत नव्हता. तेव्हा ज्या माणसाने "बेसमेंट रिकामं आहे, उगाच नाटकं करू नकोस, सामान आण," असं जवळजवळ दम देऊन मला घरात घेतलं, ते टिपणीसकाका. हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून हा माणूस भांडकुदळ आहे असं तुम्हाला वाटेल. तसा तो आहेच.

काका टीव्हीला शाल घालत.

म्हणजे असं. सकाळी चहाबरोबर काका वर्तमानपत्रातलं बेसबॉलचं पान उघडत. मोठ्या बातम्या सोडून थेट खालच्या कोपऱ्यात जात. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, कोणत्या टीमने कोणाला घेतलं आणि कोणाला काढलं. काका भिंग लावून काढलेल्यांची नावं वाचत. वाचता वाचता त्यांचा कान लाल व्हायला लागे. आधी डावा, मग उजवा.

"बघ! हा मिलर. पंधरा वर्षं खेळला. अर्धी ओळ! अगं सुमन, ऐकलंस का, पंधरा वर्षांची अर्धी ओळ!"

"ऐकलं," काकू आतून म्हणत. "नारळ काढून ठेवू का?"

संध्याकाळी त्या टीमची मॅच टीव्हीवर लागली की काका कोट घालत. टीव्हीच्या काचेला कुंकू लावत, वर शाल पांघरत, पुढ्यात नारळ ठेवत, आणि हात जोडून दोन मिनिटं उभे राहत. जो माणूस आता त्या चित्रात नाही, त्याचा हा सत्कार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं घरात काही तरी अशुभ झालंय. मीही चप्पल काढून हात जोडले.

"अहो, शाल काढा, टीव्ही तापतो!" काकू ओरडत.

"तापू दे! निदान कोणी तरी तापलं पाहिजे या देशात!"

काचेवर डाव्या बाजूला कुंकवाचा एक डाग कायमचा बसला होता. फेकणारा गडी डावखुरा असला की नेमका त्याच्या गुडघ्यावर यायचा. आणि नारळ फुकट जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी चटणी व्हायची. एका उन्हाळ्यात इतके खेळाडू निवृत्त झाले की काकूंनी देवापुढे हात जोडले. "आता कोणाला काढू नका रे बाबांनो, फ्रीजमध्ये जागा नाही."

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, पण टीव्हीवर मी पाहिलंय, काही जणांना मैदानावर बोलावतात, मोटार देतात, झुलती खुर्ची देतात."

"मोठ्यांना देतात! ज्यांच्याकडे आधीच चार मोटारी आहेत त्यांना पाचवी! आणि बाकीचे? बाकीच्यांना म्हणतात, बॅग भर. ही काय रीत झाली? आपल्याकडे पोस्टातला शिपाई रिटायर झाला तरी शाल आणि श्रीफळ मिळतं. वर साहेबाचं भाषण मिळतं. भाषण टुकार असतं, पण मिळतं की नाही?"

"मिळतं," मी म्हणालो.

"मग!"

हे "मग!" काकांचं ब्रह्मास्त्र. ते आलं की वाद संपला.

काका स्वतः इंजिनिअर. पंपाचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस-तेवीस वर्षं होते. मी राहायला आलो त्याच्या थोडंच आधी निवृत्त झालेले. "अर्ली रिटायरमेंट घेतली हो त्यांनी," असं इथल्या मराठी मंडळातले लोक म्हणायचे, "मजा आहे बुवा!" काका त्यावर "हूं" म्हणत आणि पुढची पाच मिनिटं कोणावर तरी ओरडत. शक्यतो माझ्यावर.

त्यांनी मला गाडी शिकवली तीही ओरडून. "ब्रेक! अरे ब्रेक! समोर ट्रक आलाय, देव नाही आला, हात जोडून काय बसलास!" पण मी लायसन्सच्या परीक्षेत पास झालो तेव्हा त्यांनी शेजारच्या इटालियन बाईला हाक मारून पेढा दिला आणि "माय बॉय" म्हणाले. मला ऐकू येऊ नये म्हणून हळू म्हणाले. काकांचं हळू म्हणजे पलीकडच्या गल्लीत जाणारं.

आणखी एक सांगितलंच पाहिजे. मंडळाच्या गणपतीत सगळे डॉक्टर आणि इंजिनिअर. मी कोपऱ्यात प्रसादाची ताटं धरून उभा राही, कोणी काही विचारू नये म्हणून. एका गृहस्थांनी विचारलंच, "कुठलं कॉलेज तुमचं? कुठली बॅच?" मी ताटं मोजायला लागलो. काका मखराजवळून गरजले, "त्याला कॉलेज काय विचारता? येताना गाडीत पेट्रोल कोणी भरलं तुमच्या? त्याने! नाहीतर गणपतीला ढकलत आला असतात!" सगळे हसले. मी मात्र ताटं ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडलो. कोणी माझ्या बाजूने ओरडावं, हे मला नवीन होतं.

आता वॉल्टबद्दल.

न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा कायदा आहे. म्हणून तर माझ्यासारख्याला नोकरी. हिवाळ्यात माझ्याबरोबर वॉल्ट नावाचा एक गोरा, उंच गडी पंपावर असायचा. उन्हाळाभर तो पेन्सिल्वेनियातल्या डोंगराकडच्या एका गावाच्या टीमकडून बेसबॉल खेळे. पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर. पैसे घेऊन खेळायचा, म्हणजे प्रोफेशनलच, पण असा की थंडीत पेट्रोल भरल्याशिवाय भागत नसे. सदतिशीच्या पुढे गेला होता. थंडीत त्याचा डावा खांदा कुरकुर वाजे. मला तो "पार्टनर" म्हणायचा. त्याला नववी-दहावी कशाशी खातात ते माहीतच नव्हतं, म्हणून मला त्याची भीती वाटत नसे.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी, भर उन्हात, तो पंपावर आला. म्हणाला, "पार्टनर, मालक आहे का? या वेळी हिवाळ्यापर्यंत थांबत नाही. पुढच्या आठवड्यापासून येतो. कायमचाच."

मी विचारलं, "आणि खेळ?"

"रविवारी शेवटची मॅच. मॅनेजर म्हणाला, संपली की कपाट रिकामं कर."

मला टिपणीसकाकांची सवय लागलेली. तोंडातून निघून गेलं, "आणि सत्कार? फंक्शन?"

वॉल्ट हसला. "फंक्शन आहे की. टॉवेल परत द्यायला सांगितलाय."

ही गोष्ट मी घरी सांगायला नको होती. पण सांगितली. काका आमटी-भात कालवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. डावा कान लाल झाला, मग उजवा.

"टॉवेल?"

"हो."

"टॉवेल परत मागतात? सोळा-सतरा वर्षं ज्याने यांच्यासाठी खांदा झिजवला, त्याच्याकडून टॉवेल परत? सुमन! हे लोक टॉवेल परत मागतात!"

"आधी जेवा," काकू म्हणाल्या.

"कसा जेवू! आतापर्यंत टीव्हीचा सत्कार केला. हा जिवंत माणूस आहे, आपल्या ओळखीचा आहे. याचा सत्कार मैदानावर झाला पाहिजे. रविवारी आपण जायचं. तू गाडी चालवायची. वॉल्टररावांना मी असं रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही!"

तेव्हापासून वॉल्ट घरात वॉल्टरराव झाला.

शाल नवी होती. कपाटाच्या तळातून निघाली, कागदात गुंडाळलेली, किरमिजी काठांची. काकूंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि कपाट बंद केलं. अडचण नारळाची झाली. सुपरमार्केटात नारळ मिळाला, पण तो तासलेला, गुळगुळीत. काकांनी तो हातात धरून असा पाहिला की जणू कोणी त्यांच्या देखत गुन्हा केला.

"शेंडी कुठाय? मुंडण केलेला नारळ सत्काराला देतात का? हा काय मुंजीतून पळून आलाय?"

ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातही तसलेच होते. शेवटी काकांनी दारातलं पायपुसणं उचललं, त्याचा काथ्या उपसला आणि डिंक लावून नारळाला शेंडी बसवली. इंजिनिअरच ते. शेंडी इतकी भक्कम बसली की नारळ तिला धरून उचलता येत होता. पायपुसण्यावरची "वेलकम"मधली शेवटची दोन अक्षरं गेली, ती गेलीच.

रविवारी निघालो. काका कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून मागे बसले, काकू पुढे. कुंकू कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत. वाटभर काका मागून गाडी चालवत होते आणि मी पुढून.

मैदानाच्या फाटकावर एका जाड्या माणसाने पिशवी उघडायला लावली. नारळ बाहेर काढून शेंडीला धरून उंच केला.

"हे काय आहे?"

"सन्मान!" काका इंग्रजीत कडाडले. "ऑनर!"

"बाहेरचं खाणं आत चालत नाही, सर."

"धिस इज नॉट फूड!"

त्या माणसाने काकूंकडे पाहिलं. "मॅम, हे खातात का?"

काकूंना खोटं बोलता येत नाही. "येस," त्या म्हणाल्या, "चटणी."

झालं. नारळ जप्त झाला. बिअरच्या कॅन आणि एका अर्ध्या सँडविचच्या शेजारी टेबलावर जाऊन बसला. शेंडी वाऱ्यावर हलत होती. काका त्या माणसाला मराठीत जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही. त्याला कळलं नाही, पण तो टेबलामागे सरकला.

मॅचबद्दल काय सांगू! वॉल्टची टीम पहिल्यापासून मार खात होती. वॉल्ट कुंपणापलीकडच्या बाकावर जॅकेट घालून बसला होता. मधूनच उठे, खांदा फिरवे, मॅनेजरकडे बघे, पुन्हा बसे. मॅनेजर त्याच्याकडे बघतच नव्हता. एकामागून एक पोरगेले गडी येऊन बदडले जात होते.

काका उभे राहिले. "वॉल्टररावांना आणा!"

मी त्यांचा झब्बा ओढला. "काका, बसा, लोक बघताहेत."

"बघू देत! वॉल्टर-राव! वॉल्टर-राव!"

मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचे दोन नातू होते. त्यांना वाटलं ही इथली आरोळीच असेल. तीही सुरू झाली. "वॉल्टर-राव!" मग पलीकडचे चार दाढीवाले. मग अर्धा स्टँड. पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात शे-दीडशे गोरे लोक "वॉल्टर-राव" म्हणून ओरडत होते, आणि वॉल्ट बाकावर मान खाली घालून हसत होता की काय करत होता, ते लांबून दिसत नव्हतं.

मॅनेजरने शेवटपर्यंत त्याला बोलावलं नाही.

मला हे लिहितानाही संताप येतो. हरलेच होते ते! धुतले गेले होते! शेवटच्या डावात त्या माणसाला एक चेंडू टाकू दिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? कोणाचं काय जात होतं? मी आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला नाही, मला भीती वाटते. पण त्या दिवशी मी काकांच्या शेजारी उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो.

मॅच संपली. टीमचे लोक भराभर निघून गेले. सप्टेंबर लागला होता, डोंगराकडून गार वारा सुटला. आम्ही फाटकावरून नारळ सोडवला आणि पार्किंगमध्ये वॉल्टची वाट बघत थांबलो. तो एकटाच आला, खांद्यावर बॅग.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "टॉवेल दिलात?"

"दिला, सर."

काकांनी झब्ब्याच्या बाह्या सारख्या केल्या.

मग तिथेच, आमची लांबलचक गाडी आणि कचऱ्याचा पिंप यांच्या मध्ये, सत्कार झाला. वॉल्टने न सांगता टोपी काढली. काकूंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यासाठी त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. काकांनी शाल त्याच्या खांद्यांवर घातली, नारळ हातात दिला आणि मागे सरून भाषण सुरू केलं. मराठीत.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, उपस्थित बंधू-भगिनींनो. वॉल्टररावांनी ऐन तारुण्य या मैदानाला दिलं. त्यांचा खांदा गेला. ज्यांनी त्यांना आज एक चेंडूसुद्धा टाकू दिला नाही, त्या सर्वांचा मी जाहीर धिक्कार करतो!" मग माझ्याकडे वळून, "ट्रान्सलेट कर."

माझं इंग्रजी पंपापुरतं. मी म्हणालो, "ही सेज, यू डिड गुड."

"थँक्स," वॉल्ट म्हणाला.

"इतकंच सांगितलंस?" काका भडकले. "पुढे सांग! इतकी वर्षं ज्या दारातून ताठ मानेने आत गेलो, त्याच दारातून एका दुपारी, मागे वॉचमन लावून, चोरासारखं..."

काका थांबले.

मला वाटलं भाषणाचा धागा सुटला. वॉल्टच्या मागे तर कोणी वॉचमन नव्हता. मी भाषांतर केलं नाही. काकूंनी मान फिरवली आणि कुंकवाच्या डबीचं झाकण लावत बसल्या. ते लागतच नव्हतं.

वॉल्टने तेवढ्यात नारळ हातात फिरवून पाहिला. उडवला, झेलला. पार्किंगच्या टोकाला मैदानाची मागची काँक्रीटची भिंत होती. त्याने मला विचारलं, "पार्टनर, याचं पुढे काय करतात?"

"फोडतात," मी म्हणालो. "नवीन काम सुरू करताना."

"फेकून?"

मी काकांकडे पाहिलं. सत्काराचा नारळ असा फोडत नाहीत, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काका म्हणाले, "फेक म्हणावं. जोरात."

शाल अंगावर ठेवून फेकता येईना. वॉल्टने ती काढली, कुठे ठेवायची म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि जवळ उभ्या असलेल्या काकांच्या खांद्यांवर घातली. नीट, दोन्ही बाजूंनी सारखी करून. मग शेंडी उपटून माझ्या हातात दिली, पाय उचलला, आणि तो नारळ असा सोडला की मला फक्त आवाज ऐकू आला. भिंतीवर पाण्याचा डाग उठला. तुकडे पार गटारापर्यंत उडाले.

"स्ट्राइक," वॉल्ट स्वतःशीच म्हणाला. अचूक पडलेल्या चेंडूला ते तसं म्हणतात.

काकू तुकडे वेचायला धावल्या. पुसून सगळ्यांना प्रसाद दिला. फाटकावरचा जाड्या माणूस आवाज ऐकून आला होता, त्यालाही दिला. त्याने खाल्ला.

मी काकांच्या खांद्यावरची शाल काढून वॉल्टला द्यायला गेलो. वॉल्टने माझा हात धरला. "राहू दे. त्यांना थंडी वाजतेय. माझ्याकडे जॅकेट आहे." मग त्याने काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पुष्कळ वेळ हलवला. "थँक यू फॉर एव्हरीथिंग, सर."

काका रागाने थरथरत होते, वॉल्टला वाटलं थंडीने. असं मी तेव्हा समजलो.

परतताना मी एक्झिट चुकलो. मागून आवाज आला नाही. मी मुद्दाम ब्रेक जोरात मारून पाहिला. तरी नाही. आरशात पाहिलं तर काका शाल दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर बघत बसले होते. मला खरंच भीती वाटली.

वाटेत कॉफीसाठी थांबलो. काका आत गेले, शाल तशीच अंगावर. तेव्हा काकूंनी सांगितलं.

"रिटायरमेंट वगैरे काही घेतली नव्हती रे ह्यांनी. शुक्रवारी दुपारी बोलावलं आणि सांगितलं, आजच निघा. ह्यांनी टेबलावरचा चहाचा मग आणि माझा फोटो घेतला. एक वॉचमन गाडीपर्यंत मागे चालत आला, हे काही चोरून नेत नाहीत ना बघायला. ज्या साहेबाला ह्यांनी काम शिकवलं, तो खिडकीतून बघत होता. मंडळात कोणाला सांगू नकोस म्हणाले." मग कुंकवाची डबी पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "ती शाल मीच आणून ठेवली होती. वाटलं होतं, ऑफिसात नाही तर घरी तरी घालू. पण घालू कशी? आमच्या घरात तो विषयच काढायचा नाही."

काका तीन कॉफ्या घेऊन आले. काचेवर टकटक करून ओरडले, "दार उघड! हात भाजतोय! काय बघत बसलास?"

मला इतकं बरं वाटलं.

वॉल्ट आता बारा महिने माझ्याबरोबर पंपावर असतो. अर्धी करवंटी त्याने शोधून आणली होती. ती केबिनमध्ये आहे, तिच्यात नटबोल्ट ठेवतो. टीव्हीवरचे सत्कार बंद झाले. छोट्या अक्षरांतली नावं काका अजून वाचतात, कान अजून लाल होतात. मी एकदा म्हटलं, "काका, आपण तुमचाही एक कार्यक्रम..." तर म्हणाले, "मी काय मेलोय? पंपावर जा तुझ्या!" आणि मंडळातले शहाणे, ज्यांच्या मुलांची गणितं काकांनी फुकट सोडवून दिली, ते अजून विचारतात, "काय टिपणीस, मजा आहे ना?" एकालाही कधी सुचलं नाही, की या माणसाला एक नारळ द्यावा. कंपनीवर माझा राग आहेच. पण तिला आपली रीत माहीत नव्हती. यांना माहीत होती.

म्हणून काका, हे लिहून ठेवतो. मला माईकची भीती वाटते, चार शिकलेल्या लोकांपुढे माझी बोबडी वळते. तरी एक दिवस हॉल घेईन, मंडळातल्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवीन, आणि तुम्हाला शाल मी घालीन. भाषण टुकार होईल, पण होईल. नारळ खऱ्या शेंडीचा, कोपरगावहून आणीन. विमानतळावर अडवलं, तर काय ओरडायचं ते तुम्ही मला शिकवलेलं आहे.